विंचवाचं बी

राजारामपुरीत, सातव्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर
माझा इंग्रजीचा क्लास. साडेसात ते नऊ.
पाच खुर्च्या, एक फळा, एक पंखा, तोही मर्जीनं फिरणारा.

दिनकर सातपुते, वय त्रेपन्न, सुभाषनगर.
फॉर्मवर 'शिकण्याचे कारण' ह्यापुढे त्यांनी लिहिलं होतं :
इटलीचं गिऱ्हाईक.
पहिल्याच दिवशी मोबाईल पुढं केला,
"बाई, मापं समदी कळली. पर शेवटाला
ह्यो सैतान कुठनं आला?"

डेव्हिल इज इन द डिटेल्स.
मी म्हटलं, म्हणजे खोड बारकाव्यात असते.
ते गप्प झाले. मग पायातली चप्पल काढली
आणि थेट माझ्या टेबलावर, हजेरीच्या वहीवर, उलटी ठेवली.
"दोन तळांच्या मधी विंचवाचं बी घालतो आम्ही.
दिसत न्हाई. चाललं की करकर बोलतंय.
ह्येच आमचं डिटेल. सैतान म्हणा हवं तर,
पर त्येच्याबिगर पायताण मुकं."

त्या दिवसापासून मंगळवार सैतानाचा.

फळ्यावर एका बाजूला सैतान, दुसऱ्या बाजूला खोल समुद्र काढला.
सातपुते म्हणाले, "आपल्यात इकडं आड, तिकडं विहीर.
दोन्हीकडं पाणीच की!
त्यास्नी एका बाजूला निदान बोलायला तरी कोण हाय."

अनोळखीपेक्षा ओळखीचा सैतान बरा, असं लिहिलं तेव्हा
सीपीआरच्या बारगीर सिस्टर मागून म्हणाल्या,
"आमच्यात ओळखीचा चोर जीवे न सोडी.
लग्नाला अकरा वर्षं झाली, मला विचारा."

सातपुत्यांना पटली ती एकच :
सैतानाचंही देणं असेल तर देऊन टाकावं.
"ह्ये खरं," म्हणाले. "उधारी ती उधारी.
माणूस बघून बुडवायची नसते."
वहीत दोनदा लिहून घेतलं.

एकदा ते उशिरा आले.
आम्ही त्यांचंच बोलत होतो आणि जिन्यावर करकर.
"शंभर वर्षं आयुष्य!" आम्ही सगळे ओरडलो.
ते लाजले. मग विचारलं, "ह्याला इंग्रजीत काय?"
मी खडू उचलला. थांबले.
एवढ्याशा गोष्टीवर आपण माणसाला शंभर वर्षं देऊन टाकतो,
आणि तिकडं त्याला शिंगं फुटतात.
स्पीक ऑफ द डेव्हिल, मी लिहिलं,
आणि ते हसले इतके, की पंखा फिरायला लागला
असं सिस्टर अजून सांगतात.

मग तीन मंगळवार खुर्ची रिकामी.
मी मुद्दाम विषय काढत राहिले. इंग्रजीत.
नाव घेतलं की येतो म्हणतात.
जिना गप्प.

चौथ्या आठवड्यात सिस्टर हळूच बोलल्या,
"उजवी बाजू गेलीय. वॉर्डात आहेत.
जीभ जड आहे, पण मंगळवार कळतो."

पुढच्या आठवड्यात त्यांची मुलगी आली. कविता.
पिशवीतून दोन महिन्यांची फी काढली, सुटे पैसेसुद्धा मोजून.
मी नको म्हणाले. ती म्हणाली,
"त्यांनी डाव्या हातानं पाटीवर लिहून दिलंय. ड्यू."
मग वर्तमानपत्रात बांधलेला जोड ठेवला.
"तुमच्या मापाचा. तुमची चप्पल दाराबाहेर असायची,
त्यांनी वितीनं मोजलेली.
डावी त्यांनी केली होती. उजवी मी केली."
वेणी सरळ, टाका बारीक. मला फरक दिसला नाही.

क्लास बंद करून ती घालून निघाले.
जिन्यावर डावी बोलली.
उजवी गप्प.
पोरगी बी घालायला विसरली होती.

सातव्या गल्लीतून पहिल्या गल्लीपर्यंत
करकर, आणि काही नाही.
करकर, आणि काही नाही.
जनता बझारच्या चौकात, रिक्षांच्या गर्दीत, मी थांबले
आणि त्यांचं नाव घेतलं, मोठ्यानं,
मराठीत.